बारावी खुर्ची

(औरंगाबाद, छावणीतलं एक बैठं घर. पोलीस ॲक्शनला तीस वर्षं होऊन गेली आहेत. ईस्टरच्या आधीचा गुरुवार, दुपारचे चार.)

शैला : कापूस देते, मलम देते, जुनं धोतर फाडून पट्ट्या करून देते. पण हात लावणार नाही, आप्पा. हे मी दोन वर्षांपूर्वीच तुमच्या मुलाला सांगितलंय, आज तुम्हाला सांगते. पाय तुमचा आहे, तुम्ही बघा.

आप्पा : तुला कोणी म्हटलं हात लाव म्हणून? सासऱ्याचा पाय सुनेनं धुवावा एवढी माझी पुण्याई नाही. भागू येईल. चारला येते म्हणाली होती.

शैला : चार वाजून गेले. पाचला रिक्षा आहे. पाळकसाहेबांचा निरोप आलाय, साडेपाचला बाराही जण देवळात पुढच्या खुर्च्यांवर हवेत. दोन्ही पाय उघडे. पट्टी चालायची नाही.

आप्पा : मला नको शिकवूस. प्रभूनं बारा शिष्यांचे पाय धुतले, तो विधी अठ्ठावीस वर्षं मीच केलाय त्या देवळात.

शैला : मग मला एवढंच समजावून सांगा. सोमवारी डॉक्टर पाय कापणार. गुडघ्याखाली सगळा जाणार. साखरेनं सडवलेला पाय, कापून टाकायचा पाय, तो गुरुवारी धुऊन घेऊन काय मिळतं?

आप्पा : म्हणूनच.

शैला : म्हणूनच काय?

आप्पा : दर वर्षी बारा जण. तीनशेच्या वर माणसांचे पाय धुतले मी, गुडघ्यावर बसून. माझे कोणी धुतले नाहीत. एकदा त्या खुर्चीवर बसायचंय मला. सोमवारनंतर धुवायला पाय राहणार नाही.

शैला : एक राहील की.

आप्पा : शैला!

शैला : खोटं बोलले का? आणि आत्ता येतोय तसा वास राहिला ना, तर रिक्षावालाच उतरवून देईल. देऊळ लांबच. आली बघा तुमची भागूबाई.

भागूबाई : सलाम, आप्पासाहेब. सलाम, शैलाबाई. देवळातल्या खुर्च्या पुसू राह्यले व्हते, म्हणून येळ झाला. मांडायच्या राह्यल्यात अजून. हितलं झालं की जाऊन मांडते.

शैला : पाणी तापवून ठेवलंय, मावशी. लिंबाचा पाला घातलाय. ती बघा बादली, काठोकाठ. पाचच्या आत उरका.

भागूबाई : उरकते की. खिडकी उघडा जरा. दोन्ही उघडा.

आप्पा : नको. रस्त्यावरची माणसं बघतात.

भागूबाई : बघू द्या. दोन वर्सं झाली, रोज उघड्या खिडकीतच धुते म्या. समद्या छावणीला तुमचा पाय पाठ झालाय. सेवा काय झाकून करायची असती का?

आप्पा : झाकूनच करायची असते. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, असंच शिकवलं मी आयुष्यभर.

भागूबाई : शिकवलं तसं खरं. पण म्या तुमी केलं ते बघून शिकले.

शैला : मी आत आहे. पाय झाला की हाक मारा. आधी मारू नका.

आप्पा : गेली. बरं झालं. बस भागू, सोड पट्टी. हळू... नव्या पाळकांनी माझं नाव घेतलं बघ बाराव्या खुर्चीला. वयानं पोरगा आहे, पण जाण आहे. म्हाताऱ्या सेवकाचा मान ठेवला.

भागूबाई : त्यांनी नाय घेतलं. म्या दिलं.

आप्पा : तू?

भागूबाई : देऊळ झाडत व्हते. ते म्हणले, मावशी, अकरा मिळाले, बारावा कोण घ्यावा? म्या म्हणलं, आप्पासाहेबाला घ्या. सोमवारी त्यांचा पाय चाल्लाय.

आप्पा : भागू... देव तुझं भलं करो. मला वाटायचं, तुझ्या मनात अजून ते असेल. तू क्षमा केलीस मला. दोन वर्षं पगार न घेता येतेस, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. गेल्या नाताळात सगळ्या मंडळीपुढे मी म्हणालो नाही का, नम्रता बघायची असेल तर आमच्या भागूबाईकडे बघा?

भागूबाई : म्हणले व्हते. समदे वळून बघाया लागले. मला आलं हसू. पदर लावला तोंडाला. लोकाला वाटलं, रडली बिचारी.

आप्पा : हसू का यावं त्यात?

भागूबाई : पट्टी चिकटलीय. वढू?

आप्पा : भिजव! भिजव ना आधी. रोज भिजवतेस.

भागूबाई : आज पाण्याला हात लावला नाय अजून. आधी एक ईचारायचंय.

आप्पा : विचार. पण हात चालू दे.

भागूबाई : हात नाय चालायचा. आधी सांगा, क्षमा कशाची?

आप्पा : कशाची म्हणजे? ते जुनं. तुझ्या नवऱ्याचं.

भागूबाई : त्यांला नाव व्हतं. म्या घेत नाय, तुमी घ्या.

आप्पा : फकिराचं.

भागूबाई : आन् काय त्यांचं?

आप्पा : भागू, वेळ काय झालीय बघ.

भागूबाई : सव्वाचार. लई येळ हाय. म्या सांगते, तुमी ऐका. तुमी हेडमास्तर व्हते, म्या चुकले तर कान धरा. पोलीस ॲक्शन झाली, त्याच्या दुसऱ्या साली गोरा पाळक त्याच्या मुलखाला गेला. तवर पाय तोच धुवायचा. शेतातून आलेले, रस्त्यावरचे, जसे असतील तसे पाय. बारा जणं झाले की घंगाळातलं पाणी काळं व्हायचं. खरं का खोटं?

आप्पा : खरं.

भागूबाई : मंग टॉवेल तुमच्या खांद्याव आला. पैल्याच साली तुमाला वकारी आली. तिसऱ्या माणसाला.

आप्पा : ऊन बाधलं होतं.

भागूबाई : बाधलं आसंल. दुसऱ्या सालापसनं तुमी मला म्हणले, भागू, बारा जणांला दुपारीच बोलावून घे. मागं पंपाव बसव. वजरीनं टाचा घास, साबण लाव, नखं काप. सांजच्याला मी धुईन.

आप्पा : गरिबांना चारचौघांत लाज वाटू नये म्हणून.

भागूबाई : व्हय, गरिबाला. म्या घासायचे, तुमी पाणी घालायचे. आन् मंडळी म्हणायची, काय आप्पासाहेबाचा हात! बारा जणांचे पाय धुतले तरी घंगाळात पाणी नितळ! गंगापुराकडून बाया यायच्या ते पाणी बघाया. तुमी घंगाळ उचलून दावायचे त्यांला.

आप्पा : एकदा दाखवलं असेल.

भागूबाई : दर साली दावलं. म्या मागं खांबापाशी उभी असायचे ना, दुसरी कळशी घेऊन. मला दिसायचं. तुमी तवा सांगितलं असतं, की भागूनं दुपारी घासलेत, तर काय बिघडलं असतं?

आप्पा : त्यानं विधीचं पावित्र्य गेलं असतं.

भागूबाई : तुमचं गेलं असतं. बरं. चौथ्या साली मालकाची पाळी आली. घंटा वाजवायचे देवळाची, रात्री राखण करायचे, म्हणून तुमीच नाव काढलं. म्या पंपाव बसवलं त्यांला, अकरा जणांच्या रांगंत. मला मौज वाटत व्हती. नवऱ्याचे पाय घरी धुवायचे नायत का, पण हे येगळं. वजरी लावली आन् रगत आलं. म्या म्हणलं, लागलं का? ते म्हणले, कुठं काय? अंगठ्याखाली बोट जाईल येवढं भोक, आन् त्यांला ठावं नाय. हसत व्हते. मला म्हणले, तुझ्या हाताला काय लागलंय बघ.

आप्पा : पुरे.

भागूबाई : पुरं कसं? तुमचा भाग आलाच नाय अजून. म्या म्हणलं असतं, फडकं गुंडाळून बसा, कुणाला कळत व्हतं? पण म्या येडी. म्या पळत तुमच्याकडं आले, खरं सांगाया. म्हणलं, आप्पासाहेब, पाय बधिर हाय, मला भ्याव वाटतंय, तो रोग आसंल. बसवू का नको? तुमी काय म्हणले?

आप्पा : आठवत नाही.

भागूबाई : तुमाला मॅट्रिकच्या उर्दूच्या कविता आठवत्यात. हे आठवत नाय?

आप्पा : म्हणालो... प्रभूनं कुष्ठ्यांना हात लावला, मी कोण? बसव त्याला बाराव्या खुर्चीवर.

भागूबाई : आठवलं बगा. तसंच म्हणले. मह्या डोळ्याला पाणी आलं. म्या जाऊन मालकाला सांगितलं, आप्पासाहेब मोठा माणूस हाय. मालकानं धोतर बदललं. त्या जखमेव म्या काय ठिवलं नाय, म्हणलं, त्यांचा हात लागणार हाय, कशाला झाकायची?

आप्पा : सोड ना आता पट्टी, भागू. पाया पडतो तुझ्या.

भागूबाई : कंच्या? मह्या टाचा भेगाळल्यात, तुमाला वकारी यील. ऐका. अकरा झाले. तुमी गुडघ्याव सरकत मालकाम्होरं आले. पायाकडं बघितलं. मंग उठले, टॉवेलाची घडी केली, आन् म्हणले...

आप्पा : पाणी संपलं होतं.

भागूबाई : "पाणी संपलं, आपण प्रार्थना करू." तुमचे बोल हायेत हे. मंग गीत झालं. लोक उठले, घरी गेले, दिवे काढले. मालक बसलेलेच. दोन्ही पाय फरशीव उघडे. म्या म्हणलं, चला. म्हणले, थांब जरा, आप्पासाहेब पाणी आणाया गेले आसतील. तासभर बसले. मंग त्यांचं त्यांलाच कळलं. म्या नाय सांगितलं. ईस्टरच्या पहाटं घंटा वाजवली, दोरी खुंटीला गुंडाळली आन् गेले. दोन सालानं कुणीतरी म्हणलं, फर्दापूरला दिसला. म्या एस्टीनं गेले. लेण्या बघणाऱ्यांच्या मोटारी थांबत्यात तिथं बसले व्हते, पाय म्होरं करून. म्या लई रडले, घरी चला म्हणलं. म्हणले, हितं बरं हाय भागे. हितं लोक पाय बघून थांबत्यात.

आप्पा : मला तू हे कधी सांगितलं नाहीस.

भागूबाई : तुमी कधी ईचारलं? त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गेले ते. मला आठ दिसांनी कळलं. सव्वीस वर्सं झाली त्या गुरवाराला. आता सांगा, पाणी खरंच संपलं व्हतं?

आप्पा : संपलं होतं. टंचाईचं साल होतं ते.

भागूबाई : कळशी मह्या हातात व्हती, आप्पासाहेब. दुसरी. काठोकाठ. मनगट भरून आलं व्हतं महं. तुमी उठले तशी म्या दोन पावलं म्होरं आले. तुमी मह्याकडं बघितलं, कळशीकडं बघितलं, आन् मंग म्हणले, पाणी संपलं.

आप्पा : मी बघितलं नाही.

भागूबाई : बघितलं.

आप्पा : भागू, त्या दिवशी पुढच्या रांगेत मिशन शाळेची पोरं बसली होती. लहान लहान. त्याच घंगाळात, त्याच टॉवेलानं... रोग पसरला असता. मी मंडळीचा विचार केला.

भागूबाई : मंग तसं म्हणायचं व्हतं. मी भ्यालो, म्हणायचं. रोगाला माणूस भितोच की. मालकानं माफ केलं असतं, म्याबी केलं असतं. पाणी संपलं, कामून म्हणले?

आप्पा : तोंडात आलं ते.

भागूबाई : आता येवढंच करा. देवळात नको, पंचाम्होरं नको, शैलाबाईलाबी नको. हितं, मला एकटीला सांगा. पाणी व्हतं. दोनच शब्द. मंग म्या तुमचा पाय असा धुते, की पाळकसाहेब त्याचा मुका घेतील.

आप्पा : तू मला धमकी देतेस? ह्या वेळी?

भागूबाई : ईनंती करू राह्यले.

आप्पा : खोटं बोललो म्हणून कबूल करू? ह्या वयात? देऊळ झाडणाऱ्या बाईपुढे? तू राहतेस ती खोली देवळाची आहे, भागू. पंचकमिटीला माझी एक चिठ्ठी गेली तर उद्या तुझं गाठोडं रस्त्यावर येईल.

भागूबाई : लिवा. कागद देऊ? म्या धरते, तुमी लिवा.

आप्पा : मी... मला तसं म्हणायचं नव्हतं. पाय ठणकतोय. ठणका लागला की माणूस काहीही बोलतं.

भागूबाई : ठणकत नाय तो. ठणकायला त्याच्यात काय उरलंय? परवा अळ्या निघाल्या. दोन. चिमटीनं काढल्या म्या, तुमी कॅलेंडर बघत व्हते.

आप्पा : अळ्या?

भागूबाई : तुमाला सांगितलं नाय. तुमालाबी ठावं नव्हतं, मालकाला ठावं नव्हतं तसं. दोघांचे पाय सारखेच बगा.

आप्पा : देवा...

भागूबाई : मला लोक म्हणत्यात, भागू, तुला सरग मिळणार. कशाचं सरग? म्या दोन वर्सं कामून येते, सांगू? मला बघायचं व्हतं, शिसारी कशी असती. मालकाच्या पायापरीस तुमचा पाय धा पट सडलाय. म्हणलं, रोज धुवावा, एक दिस मला शिसारी यील, म्या उठून जाईन, आन् म्हणंल, चला, माणसाला येतीच, आप्पासाहेबालाबी आली. पण मला यीना हो. रोज वाट बघते. यीनाच.

आप्पा : म्हणजे सेवा नव्हतीच ही.

भागूबाई : व्हती की. मन लावून केली. एक दिस चुकवला का? नख तरी लागू दिलं का? तुमची सेवा नितळ व्हती, मही मळकी हाय, येवढंच.

आप्पा : मग मला बारावी खुर्ची का दिलीस?

भागूबाई : तुमाला ठावं हाय.

आप्पा : पाळक माझ्यापुढून उठून जाईल म्हणून? मी तसाच बसावा म्हणून?

भागूबाई : आधी तसंच मनात व्हतं. खोटं कशाला बोलू. मंग वाटलं, म्हातारा माणूस हाय, सोमवारी पाय जाणार, दोन शब्दाला इतकं काय? म्हणंल. मंग नीट धुऊ, नीट बसवू. तो पाळक चांगला हाय, उठायचा नाय. तुमी म्हणा निस्तं. पाणी व्हतं.

आप्पा : तुला कळत नाही, भागू. त्या नितळ पाण्यावर माझी सगळी इज्जत उभी आहे. गावोगावचे लोक मला मानतात ते शाळेसाठी नाही, त्या घंगाळासाठी. सव्वीस वर्षं मी रोज रात्री प्रार्थनेत म्हणतोय, प्रभू, पाणी संपलं होतं. म्हणून म्हणून ते खरं झालंय आता. तेवढं काढून घेतलंस, तर मी कोण राहतो?

भागूबाई : फकिराच्या म्होरून उठलेला माणूस.

आप्पा : तू नाव घेतलंस.

भागूबाई : शेवटचं ईचारते. पाणी व्हतं?

आप्पा : ...नव्हतं.

भागूबाई : बरं. नव्हतं तर नव्हतं.

आप्पा : कुठं निघालीस? भागू! पट्टी अर्धी सुटलीय!

भागूबाई : शैलाबाई! ओ शैलाबाई!

शैला : झाला? आलीच. रिक्षा पण आलीय, हॉर्न वाजवतोय बाहेर. ईऽऽ... मावशी, हे काय? पट्टी लोंबतेय, पाय तसाच! तुम्ही इतका वेळ केलंत काय?

भागूबाई : कशानं धुवावं? पाणी संपलं.

शैला : संपलं? अहो, बादली भरलेली आहे! थेंब सांडलेला नाही!

भागूबाई : दिसती भरलेली. पण संपलंय. आप्पासाहेबाला ईचारा, त्यांला म्हाईत असतं कवा संपतं ते.

शैला : आप्पा, ही काय बोलतेय? बाहेर मीटर चालू आहे. मी तर हात लावणार नाही, आधीच सांगते.

आप्पा : होतं.

शैला : काय होतं?

आप्पा : पाणी होतं. भागू, थांब. पाणी होतं!

भागूबाई : मोठ्यानं म्हणा. खिडकी उघडीच हाय.

आप्पा : पाणी होतं! त्या दिवशी पाणी होतं. कळशी भरलेली होती, मी बघितली. तुझ्याकडे बघितलं मी, दोन पावलं पुढे आलीस तू. मला शिसारी आली, आणि लोक घंगाळाकडे बघत होते. झालं? आता ये. आता धू, भागू.

शैला : कसलं पाणी? कुठली कळशी? आप्पा, रडताय का?

भागूबाई : झालं. ऐकलं म्या.

आप्पा : मग ये ना. पाच मिनिटांचं काम. रिक्षा थांबेल.

भागूबाई : पाच वाजले, आप्पासाहेब. मला खुर्च्या मांडायच्यात. बाकीचे अकरा जणं पंपाव येऊन बसले आसतील. आज त्यांला सांगणार हाय, उठा, नाय घासत, जसे हायेत तसे पाय घेऊन खुर्च्याव बसा.

आप्पा : मी कबूल केलं, भागू! तू म्हणाली होतीस. दोन शब्द म्हटले तर...

भागूबाई : म्हणले व्हते. पण मला एकटीला, पाणी बादलीत असताना. रिक्षा दारात आल्याव नाय.

शैला : मावशी, निदान पट्टी तरी बांधून जा. हे असे उघडे बसणार का?

भागूबाई : असू द्या उघडा. वारं लागंल.

शैला : आणि पाळकसाहेबांना काय सांगू? बारावा माणूस येत नाही म्हणून?

भागूबाई : काय सांगू नका. म्या खुर्च्या बाराच मांडते. एक रिकामी राह्यली तरी त्या देवळाला चालतं. सलाम, शैलाबाई. सलाम, आप्पासाहेब.

शैला : गेली की खरंच! काय माणसं असतात. आप्पा, तो पाय आत घ्या, पलीकडचे लोक उभे राहून बघताहेत. आणि त्या रिक्षावाल्याला परत पाठवते मी.

आप्पा : थांब जरा. भागू पाणी आणायला गेली असेल.